कुलूप लावायच्या आधी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दस्तगीरभाई,
भिंग डोळ्यात बसलंय, पण अजून कच्चं आहे.
जांभळा उजेड दीडेक मिनिट सोडला
की नंबर सरकतो, आपल्याला हवा तिकडं.
दोन-तीन खेपा सरकवू.
मग कुलूप. मग नाही.

मी म्हटलं, म्हणजे सरगाठ.
साजाच्या मागं गोंड्याला असती तसली.
गळा बघायचा, वर घ्यायची, खाली सोडायची,
बाई आरशात बघून बास म्हणेपर्यंत.
त्या हसल्या. म्हणाल्या, तशीच,
फक्त शेवटी टोक जाळून टाकायचं.

तोवर हा चष्मा. घरात, दारात, ताटावर,
झोपताना काय तो उतरायचा.
उन्हाचा कवडसा आत शिरला
तर भिंग परस्पर काहीतरी ठरवून बसेल.
गुजरीत पोरं ओरडली,
काय हिरो, शूटिंग कुठं हाय?
महाद्वाराकडनं येणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या,
एकसष्टाव्या वर्षी.

दुसऱ्या खेपेला विचारलं,
सगळ्यात नीट काय दिसायला पाहिजे?

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
समोर आलं ते बघत आलो.
खिशातनं दोरा काढला,
एक टोक भुवईला, एक सुईच्या नेढ्याला.
वीत आणि चार बोटं. घ्या माप.
बाईंनी पट्टी लावून आकडा लिहिला,
सोनार वजन लिहितो तशा गंभीरपणे.

आणि नेढं दिसलं.
लाखेच्या मण्यावरचा केसाएवढा तडा दिसला,
रेशीम तांबडं दिसलं, इतकी वर्षं मला ते
विटकरी वाटत होतं आणि मी
रंगवाल्याशी भांडत होतो.

त्याच आठवड्यात उत्तूरच्या इनामदारांचा साज
पुन्हा ओवायला आला.
मीच ओवलेला, चार वर्षांमागं,
डोळ्यांवर साय धरली होती तेव्हा.
मनात म्हटलं, आता लाज बघायची.
पालथा केला.
गाठी चांगल्या होत्या.
माझ्या तेव्हाच्या डोळ्यांना न झेपणाऱ्या,
फारच चांगल्या.
फक्त पीळ डावा.

माझा पीळ उजवा. अब्बांचा उजवा.
डावखुरं आमच्या घरात एकच माणूस.

कपाटातनं अजून दोन काढले, एक डोरलं, एक ठुशी.
डावा. डावा.
म्हणजे मी दुकानचा दिवा मालवून
वर जाऊन घोरायचो,
आणि जैतून खाली
माझं सोडायची, परत ओवायची,
सकाळी चहा देताना म्हणायची,
काल हात छान चालला तुमचा.

मी काही बोललो नाही.
ती दुपारी माझ्यासमोर बसून मणी निवडत असती,
पाटाच्या पलीकडं.
ती उठून आत गेल्यावर दोरा काढला,
माझ्या भुवईपासनं तिच्या जागेपर्यंत.
अडीच हात भरला.
गुंडाळून खिशात ठेवला.

तिसऱ्या खेपेला दोरा बाईंच्या टेबलावर ठेवला.
उजवा डोळा सुईचाच असू दे.
डावा ह्या मापाचा.
अहो, लांबचं म्हणजे रस्ता, बसची पाटी,
लोक पन्हाळा मागतात.
म्हटलं, बस मला विचारून थांबती.
दोन डोळ्यांची दोन मापं, थोडे दिवस चुकल्यासारखं होईल.
होऊ दे.

मग कुलूप.
हनुवटी टेकवून बसलो, पापणी ताणलेली,
जांभळा उजेड, घशात कोरड,
मागं कुणीतरी सेकंद मोजतंय.

चष्मा परत देऊन टाकला.
घरी आलो तेव्हा ती पाटाशीच होती,
कपाळावर एक जुना व्रण,
तो आहे हे मी विसरलो होतो.
काय बघताय, म्हणाली.
इनामदारांचा साज तिच्याकडं सरकवला,
शेवटची गाठ तेवढी राहिली होती.
म्हटलं, तू मार. दिवसाउजेडी.